कलेचा नाका कुणाच्या ताब्यात?

हा अंक कलेवर काढायचा ठरला तेव्हा आमच्यातल्या दोघांनी कपाळाला हात लावला. एक म्हणाला, "आधी भाकरीचं बघ, कला-बिला मागून." दुसरा म्हणाला, "कलेची व्याख्या करायला पेठेतले मास्तर बसलेत, त्यांना बसू दे. आपल्याकडं ॲट्रॉसिटीच्या केसेस पडल्यात, स्कॉलरशिपा थकल्यात, होस्टेलात पाणी नाही." मीही बराच काळ याच मताचा होतो. मी गोदीत काम करतो, डब्यात माल भरतो, आणि अंगात जीव उरला तर कविता लिहितो. माझी कविता कला आहे की नाही या काळजीनं माझी झोप उडते असं मुळीच नाही. झोप चांगली लागते. पाठ मोडलेली असते.

पण दिवाळीनंतर गावी गेलो आणि एका कचेरीत तीन तास उभा राहिलो. तिथं माझं मत बदललं. म्हणून आधी तेच सांगतो.

आमचं गाव गडचिरोली जिल्ह्यात, वडशाच्या बाजूला. सरकारी कागदावर देसाईगंज, पण लोक वडसाच म्हणतात, रेल्वेच्या पाटीवरही वडसाच आहे. आमच्या शेजारी एक म्हातारे राहतात. नाव छापत नाही, त्यांनीच नको म्हटलं. सगळा मोहल्ला त्यांना आबाजी म्हणतो. पंचाहत्तरीला टेकलेत. उभी हयात धानाच्या बांधीत राबले आणि दंडार केली. मुंबई-पुण्याच्या वाचकांसाठी सांगतो. दंडार म्हणजे गावच्या बाप्यांनी गावच्याच चौकात रात्रभर केलेला खेळ. दिवाळीच्या आगेमागे, धान निघायच्या दिवसांत. त्यात नाच आहे, गाणं आहे, सोंग आहे, मध्येच पाटलाची टिंगल आहे. बायांची कामं बाप्येच करत. पडदा नाही, तिकीट नाही. आबाजी तरुणपणी बाईचं काम करायचे आणि त्यांचा नाच बघायला दहा गावची माणसं यायची असं म्हातारे सांगतात. आज झाडीपट्टीची म्हणून जी नाटकं गाजतात, त्यांचं मूळ याच दंडारीत आहे.

राज्य सरकार म्हाताऱ्या साहित्यिकांना आणि कलावंतांना महिन्याला मानधन देतं. २०२४ साली ते पाच हजार रुपये केलं आणि योजनेला राजर्षी शाहू महाराजांचं नाव दिलं. पाच हजार म्हणजे आबाजींच्या घरात दोन माणसांचं खाणं आणि दम्याचं औषध. मी मॅट्रिक झालेला, म्हणजे मोहल्ल्यात कागद वाचणारा. म्हणून अर्ज भरायला मला बरोबर नेलं.

टेबलामागच्या बाबूनं रकाने वाचायला सुरुवात केली.

"कलेचा प्रकार?"

"दंडार जी."

"मंडळाचं नाव? नोंदणी क्रमांक?"

"मंडळ नाई जी. गावात."

"कात्रणं? फोटो? प्रमाणपत्र?"

"फोटो कायचा जी, टेंभ्याच्या उजेडात नाचत होतो."

"आणखी काही येतं का?"

"डफडं वाजवतो. चौदा एप्रिलले वाजवतो, दंडारीत वाजवतो."

बाबू हसला. वाईट मनानं नाही हसला, हे मला मुद्दाम सांगायचंय. त्यानं आमच्यासाठी चहा मागवला होता. तो म्हणाला, "आबाजी, डफडं म्हणजे काही कला नाही ना. ते तर तुमच्या लोकांचं कामच होतं."

मी भडकलो. चार शब्द बोललो. कागद घेऊन बाहेर आलो. एसटीत बसलो तरी डोकं ठणकत होतं. आबाजी मात्र खिडकीबाहेर बघत गप्प. अर्ध्या वाटेवर म्हणाले, "बाबू, तो खोटं नाई बोलला. पर ते माह्या बापाचं काम होतं. माहं नाई."

मग त्यांनी सांगितलं ते असं. त्यांचा बाप गावचं डफडं वाजवायचा. लग्नात पुढं, मढ्यापुढं, पाटलाच्या घरी पोर झालं तरी. त्याबद्दल मिळायची खळ्यावरची झाडून काढलेली धानाची पायली आणि शिळं. बोलावलं की जायचं. ताप असला तरी जायचं, घरात मढं असलं तरी जायचं. १९५६ च्या ऑक्टोबरात तो वडशाहून छोट्या गाडीनं चांद्याला गेला. नागपूरची दीक्षा १४ ऑक्टोबरला झाली हे सगळ्यांना पाठ असतं. १६ ऑक्टोबरला बाबासाहेबांनी चांद्यात, म्हणजे आजच्या चंद्रपुरात, दीक्षा दिली, हे मुंबईतल्या आमच्याच कार्यकर्त्यांना कधी कधी सांगावं लागतं. आबाजी तेव्हा पाच-सहा वर्षांचे. बाप परत आला आणि डफडं खुंटीला टांगून ठेवलं. पुढच्याच लग्नसराईत बोलावणं आलं, तो गेला नाही. गावानं मजुरी बंद केली. त्या उन्हाळ्यात घरात मोहफुलं शिजवून खाल्ली. डफडं टांगलेलंच राहिलं, उंदरांनी कातडं खाल्लं.

आणि मग साठीच्या दशकाच्या शेवटाला केव्हातरी, आबाजी विशीचे असताना, मोहल्ल्यातल्या पोरांनी भीमजयंतीची मिरवणूक काढायची ठरवली. वाजंत्रीला पैसे नव्हते. आबाजींनी बापाला विचारलं. बाप बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "कोनी बोलावलं म्हनून नोको वाजवू. तुले वाटलं त वाजव." त्यांनी कडं तेच ठेवलं, कातडं नवीन बसवलं.

मित्रहो, कडं एकच आहे. बापानं वाजवलं ती वेठ होती. पोरानं वाजवलं ती कला होती. आणि कचेरीतल्या बाबूला या दोहोंतला फरक दिसत नाही, कारण त्याच्या रकान्यात १९५६ साल नाही. त्याच्या एका वाक्यानं बापाचा नकारही पुसला आणि पोराची कलाही पुसली. कलेच्या व्याख्येचा प्रश्न मला त्या एसटीत कळला. व्याख्या चर्चासत्रात राहत नाही. ती नाक्यावर उभी असते, हातात वही घेऊन, आणि कोण आत जाणार ते ठरवते.

आमच्या जिल्ह्याला हा नाका नवा नाही. बांबूचं उदाहरण घ्या. बांबू हे गवत आहे, असं वनस्पतीशास्त्र सांगतं. पण १९२७ च्या भारतीय वन कायद्यानं 'झाड' या शब्दाच्या व्याख्येत बांबू घातला. एका शब्दानं काय होतं असं तुम्हाला वाटेल. झाड म्हटलं की ते लाकडाच्या रांगेत गेलं, वनखात्याच्या वहीत गेलं, तोडायला परवानगी आणि वाहतुकीला परवाना आला. ज्याच्या घराच्या मागं बांबूचं बेट, तो माडिया, तो गोंड, तो सूप-टोपली विणणारा बुरूड चोर ठरला. बल्लारपूरच्या कागद कारखान्याला मात्र बांबू गेला, ट्रकांनी गेला. २००६ च्या वनहक्क कायद्यानं बांबूला गौण वनोपज म्हटलं, तरी नाका हलेना. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावानं २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवला, आणि मिळवूनही बांबू विकायला वाहतूक परवान्यासाठी भांडावं लागलं. २७ एप्रिल २०११ ला तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले, मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण आले, आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात आलं. मूळ कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून बांबू काढला तो २०१७ साली, तोही जंगलाबाहेरच्या बांबूपुरता कामाचा. नव्वद वर्षं एका व्याख्येनं माणसांच्या पोटावर पाय ठेवला. आता सांगा, व्याख्या हे मास्तरांचं काम म्हणून सोडून द्यायचं का?

या बुरुडाचं आणि रंगमंचावरच्या नटाचं नातं जुनं आहे. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात ब्राह्मणानं कुणाकुणाचं अन्न खाऊ नये याची यादी आहे. तिथं एकाच श्लोकात लोहार, निषाद, रंगावर उतरणारा नट, सोनार, बांबूवर पोट भरणारा वेण आणि शस्त्रं विकणारा असे ओळीनं बसवलेत. म्हणजे ज्याला आज तुम्ही शिल्प म्हणाल, नाट्य म्हणाल, अलंकार म्हणाल, ते करणाऱ्या सगळ्या हातांचं अन्न बाटलेलं. बांबूला झाड म्हणणारा कायदा ज्या साली आला, त्याच साली, २५ डिसेंबर १९२७ ला, हे पुस्तक महाडला जाळलं गेलं. एक जळलं, दुसरं चालू राहिलं.

आता कामसूत्र घ्या. ते नावाजलेलं पुस्तक आहे, परदेशात त्याच्यावर आपल्या संस्कृतीचा व्यापार चालतो. त्यात चौसष्ट कला मोजल्यात. गाणं, नाचणं, चित्र तर आहेच. पण स्वयंपाक आहे, शिवणकाम आहे, सुतारकाम आहे आणि वेताचं विणकामही आहे! गणिकेनं, राजकन्येनं, किंवा विडा खाऊन वेळ न जाणाऱ्या शौकीन नागरकानं दुपारी वेत विणला तर ती कला. बुरुडानं पोटासाठी विणला तर त्याच्या हातचं पाणी चालत नाही. काम तेच, वेत तोच, गाठही तीच. बदलला तो हात. कलेची व्याख्या करताना कलावस्तूकडं बघा असं जे सांगतात, त्यांनी हे एकदा समजावून द्यावं.

आणि भरताचं नाट्यशास्त्र तर कबुलीजबाबच आहे. सुरुवातीला सांगितलंय की शूद्रांना वेद ऐकायची मनाई, म्हणून सगळ्या वर्णांसाठी पाचवा वेद केला, तो नाट्य. वा! आणि शेवटाकडं काय सांगितलंय? भरताच्या पोरांनी ऋषींची नक्कल करून टिंगल केली. ऋषी चिडले. शाप दिला की तुम्ही शूद्र व्हाल. म्हणजे मोठ्यांची टिंगल केली आणि नटांची जात गेली. आबाजींच्या दंडारीत पाटलाची नक्कल रंगली की दुसऱ्या दिवशी त्या पोराला बांधीवर काम मिळत नसे. दोन हजार वर्षांत शाप देणाऱ्याची भाषा तेवढी बदलली.

मराठीतल्या कलाचर्चेत मी फार वेळ घालवणार नाही. फडक्यांनी कलेसाठी कला म्हटलं, खांडेकरांनी जीवनासाठी कला म्हटलं, आणि कुणाचं जीवन हे दोघांनीही आम्हाला विचारलं नाही. मर्ढेकरांचं 'सौंदर्य आणि साहित्य' मी गोदीत जेवणाच्या सुट्टीत वाचायला घेतलं. अर्धं कळलं. संवादलय, विरोधलय, समतोल यांचा हिशेब चांगला आहे. मर्ढेकर कवी म्हणून माझ्या आवडीचे आहेत, त्यांना शिव्या घालायच्या नाहीत. पण त्या हिशेबात लय कुणाच्या पाठीतून येते हा रकाना नाही. शरद पाटलांनी १९८८ साली अब्राह्मणी साहित्याचं सौंदर्यशास्त्र मांडलं, लिंबाळ्यांनी १९९६ साली दलित साहित्याचं. ती पुस्तकं मिळवून वाचा. कंटाळा आला तरी वाचा. आपले लोक 'आम्हाला सौंदर्यशास्त्र नको' असं छाती फुगवून म्हणतात ते चुकतं. आपण नको म्हटलं म्हणून नाका रिकामा राहत नाही, दुसरा कुणीतरी वही घेऊन बसतो.

माझ्या धंद्यात तर ही वही रोज दिसते. परदेशी जाणारा माल डब्यात भरायच्या आधी टॅली क्लार्क खोके मोजतो आणि त्याच्या हातात कागद असतो. त्या कागदावर प्रत्येक मालाचा आकडा असतो. जगातली कुठलीही वस्तू असो, कस्टमच्या दरपत्रकात तिला कुठल्यातरी प्रकरणात बसावं लागतं. एकदा बांबूच्या टोपल्यांचे खोके भरत होतो. आमच्याकडच्याच असाव्यात असं विणीवरून वाटलं, वाटलं तेवढंच. मी क्लार्कला विचारलं, या कशात जातात? प्रकरण ४६: वेत, गवत, बांबूची विणलेली कामं. आणि कलेला प्रकरण आहे का? आहे, ९७. चित्रं, मूळ शिल्पं, आणि शंभर वर्षांहून जुन्या पुराण वस्तू. म्हणजे आज विणलेली टोपली ४६ मध्ये. ती टोपली शंभर वर्षं टिकली आणि एखाद्या शेटजीच्या दिवाणखान्यात जाऊन बसली, तर ९७ मध्ये जाऊ शकते. विणणारा बुरूड तोवर मातीत गेलेला असतो. त्याला कुठलंच प्रकरण नाही.

याच बाबतीत न्यूयॉर्कच्या बंदरात झालेला एक तमाशा ऐकण्यासारखा आहे. १९२६ साली ब्रांकुशी नावाच्या शिल्पकाराचं ब्राँझचं शिल्प बोटीतून उतरलं. नाव 'अवकाशातला पक्षी'. उंच, निमुळतं, गुळगुळीत. कस्टमवाल्यांनी बघितलं तर चोच नाही, पंख नाहीत. तिकडं कलाकृतीला जकात माफ होती. यांनी ठरवलं ही कला नव्हे, आणि स्वयंपाकघरातली भांडी नि दवाखान्याचं सामान या सदरात टाकून चाळीस टक्के जकात ठोकली. प्रकरण कोर्टात गेलं. शिल्पकार, समीक्षक, संग्रहालयवाले साक्षीला उभे राहिले. १९२८ साली कोर्टानं निकाल दिला की ही कलाकृतीच आहे. ब्रांकुशी हा रुमानियाच्या खेड्यातल्या शेतकऱ्याचा पोरगा होता. त्याच्या बाजूनं साक्ष द्यायला माणसं होती म्हणून नाका हलला. आबाजींच्या बाजूनं साक्ष द्यायला समीक्षक कुठून आणायचे? वडशाला समीक्षक उतरत नाहीत.

उतरायला हवेत खरं तर. दिवाळी झाली की वडशात नाटक कंपन्यांच्या कचेऱ्यांपुढं गावोगावची मंडळं नाटक ठरवायला येतात. गावात मंडई भरते, शंकरपट भरतो, आणि त्या रात्री नाटक पाहिजेच. लेकी-जावई येतात, सोयरिकी जुळतात, उधाऱ्या वसूल होतात. रात्री दहा-अकराला पडदा वर जातो आणि पहाटे माणसं डोळे चोळत घरी जातात. थंडीत घोंगडी पांघरून, तणसावर पोतं टाकून बसलेली हजार-दोन हजार माणसं, पुढं ऑर्गन, तबला. सरकारी अनुदानाची वाट न बघता स्वतःच्या तिकिटावर उभी असलेली अशी रंगभूमी महाराष्ट्रात फार ठिकाणी नाही. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया, एवढा मुलूख ती पोसतो. २०२० साली कोरोनात मांडव पडले नाहीत तेव्हा नट, वादक, मेकअपवाले, पडदे ओढणारे सगळे हातावर हात ठेवून बसले. २०२३ साली कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. शेतकरी माणूस, झाडीपट्टीचा विनोदी नट. आनंद झाला. फटाके वाजले. पण पेपरांनी काय छापलं? विदर्भाचा दादा कोंडके. म्हणजे पद्मश्री मिळाली तरी ओळख उसनीच. त्यांना त्यांच्याच नावानं मोजायला काय हरकत होती?

हे बोललो म्हणजे झाडीपट्टीच्या नाटकाला मी ओवाळतो आहे असं समजू नका. लोकांचं आहे म्हणून ते पवित्र होत नाही. या वर्षी मी तीन नाटकं पाहिली. तिन्हींत गरीब मुलगी फसते आणि शेवटी कुंकवाच्या पाया पडते. तिन्हींत घरगडी आमच्या बोलीत बोलतो आणि त्याच्या बोलीवर लोक हसतात. मालक शुद्ध बोलतो. आमचीच बोली, आमचाच मुलूख, आणि हसायला आमचीच माणसं! एका नाटकात दर अर्ध्या तासानं लावणी, आणि नाचणाऱ्या बाईकडं मंडळाचे लोक ज्या नजरेनं बघत होते ती नजर मला मुंबईत ओळखीची आहे. या बाया नागपूरकडून येतात, रात्र रात्र गाडीत काढतात, सीझन संपला की त्यांना कोण विचारतो? कलावंत म्हणून टाळी त्यांना मिळते. माणूस म्हणून त्यांना काय मिळतं हा प्रश्न एकाही नाटकात आला नाही. दंडारीत पाटलाची टिंगल होती. कंपनीच्या नाटकात पाटील मंडळाचा अध्यक्ष असतो, बक्षीस जाहीर करतो, मग त्याची टिंगल कोण करणार?

माडियांच्या रेला नाचाबद्दल मी फार बोलणार नाही, ते त्यांनी बोलावं. एवढंच सांगतो, की मंत्री येणार म्हटलं की पोरींना मोरपिसं लावून उन्हात उभं करतात. घरी गोटुलात त्या नाचतात तेव्हा थांबायचं कधी हे त्यांचं त्या ठरवतात. हेलिपॅडजवळ ते दुसराच कुणी ठरवतो. लोककला, लोककला म्हणून जो गजर चालतो त्यात मला ही गोष्ट सारखी खुपते. बापाच्या डफड्यालाही कुणी अभ्यासक उद्या लोककला म्हणेल, त्यावर पीएचडी करील, आणि महार-मांगांनी ती सोडली म्हणून हळहळेल. बाबा रे, ती जगवायची होती तर तू गळ्यात अडकवायची होतीस!

म्हणून माझी कसोटी साधी आहे, ती पटते का बघा, नाही पटली तर पुढच्या अंकात झोडा. कला कुठली हे विचारायच्या आधी मी विचारतो, हे करणाऱ्याला 'नाही' म्हणता येतं का? न वाजवता त्याला जगता येतं का? येत नसेल तर सूर कितीही गोड असो, ती वेठ. आता तुम्ही म्हणाल, भुकेपोटी नाचणारी बाई मग कलावंत नाही का? हा प्रश्न मी स्वतःलाही विचारला आणि अडकलो. तिच्या अंगात कला आहे हे मी डोळ्यानं पाहिलंय. मग एवढंच म्हणतो, की तिची कला तिची व्हायची असेल तर तिला नाही म्हणता आलं पाहिजे, आणि ते आणून देणं हे सुद्धा आपल्या चळवळीचं सांस्कृतिक काम आहे. नुसती कविता लिहिणं नाही. सीझनचा करार, विमा, प्रवासाला नीट गाडी, हे सगळं सौंदर्यशास्त्रात बसतं असं मी मानतो. मर्ढेकर माफ करोत.

कलेचं समाजात काम काय, हे समीक्षकांपेक्षा सरकारला लवकर कळतं. भीमराव कर्डकांचे जलसे गावोगाव फिरले, वामनदादा कर्डक २००४ साली जाईपर्यंत गात राहिले. ज्यांना अक्षर येत नव्हतं त्यांच्यापर्यंत बाबासाहेब गाण्यातून गेले. मराठीच्या किती प्राध्यापकांनी त्याला कला म्हटलं? पण कबीर कला मंचाची गाणी वस्त्यांत घुमायला लागली तेव्हा त्याचं वजन पोलिसांना बरोबर कळलं. २ एप्रिल २०१३ ला शीतल साठे आणि सचिन माळी विधानभवनासमोर स्वतःहून पोलिसांच्या हवाली झाले. सागर गोरखे आणि रमेश गायचोर यांना आधी त्याच प्रकरणात आणि मग २०२० च्या सप्टेंबरात एल्गार परिषदेच्या प्रकरणात आत टाकलं. कोर्टाचं कोर्टात. पण ढोलकी-डफ घेऊन फिरणारी पोरं जिथं धोका वाटतात, तिथं डफडं म्हणजे काही कला नाही असं कुठला बाबू म्हणू शकेल?

आता अर्जाचं पुढं काय झालं ते सांगतो.

मी मुंबईला परतायच्या आधी आम्ही मेंढा-लेखाची गोष्ट आठवून ग्रामसभेत विषय मांडला. नोंदणी नाही, कात्रण नाही, तर गावानंच ठराव घ्यावा की आमच्या गावात इतकी वर्षं दंडार होत आली, ही माणसं ती करत आली, ही कला आहे आणि हे कलावंत आहेत. दंडारीला सगळे हो म्हणाले. अध्यक्ष झालेले पाटीलही हो म्हणाले, त्यांच्या आजोबाची टिंगल कोण करायचं ते त्यांनी हसत सांगितलं. अडलं डफड्यावर. आणि अडवलं आमच्याच माणसानं. पँथरच्या काळापासून चळवळीत असलेले एक काका उभे राहिले. म्हणाले, "डफडं कागदावर आनू नोका. आमच्या बापांनी ते मार खाऊन सोडलं. आज तुम्ही त्याले ग्रामसभेच्या ठरावात कला म्हनाल, उद्या हेच लोक लग्नात वाजवाले बोलावतील आनि नाई म्हटलं त ठराव दाखवतील."

मित्रहो, मला त्यांना उत्तर देता आलं नाही. ते खोटं नाहीत. वस्तीतली तरुण पोरंही त्यांच्याच बाजूला होती, त्यांना डीजे बरा वाटतो, डफडं म्हटलं की मान खाली जाते. मी पेन काढून त्या ओळीवर काट मारायला निघालो. तेव्हा आबाजींनी माझा हात धरला. म्हणाले, "राहू दे. पर असं लिव्ह. चौदा एप्रिलले वाजवतो. आपल्या मनानं वाजवतो. लग्नात नाई, मढ्यापुढं नाई."

तसंच लिहिलं. काका तरी नाराजच उठले. ठरावाची प्रत जोडून अर्ज पुन्हा दिला. त्याच टेबलावर, त्याच बाबूकडं. त्यानं ती ओळ दोनदा वाचली, हे रकान्यात बसत नाही म्हणाला, पण शिक्का मारून पोच दिली. अजून काही कळलेलं नाही. काकांचा विरोध त्यांच्याच शब्दांत या अंकात छापला आहे, तो माझ्या लेखाआधी वाचा.

तुमच्या वस्तीत, चाळीत, गावात अशी माणसं असतील. दंडारीतली, खडी गंमतीतली, जलशातली, नाटकात पडदा ओढणारी, डफ सोडलेली आणि पुन्हा धरलेली. त्यांना जाऊन विचारा की काय वाजवत होता, कुणी बोलावलं म्हणून, आणि कधी नाही म्हणालात. त्यांना हरकत नसेल तरच नाव घाला. पानाच्या एकाच बाजूला लिहा, अक्षर वाचता येईल असं लिहा, आणि फाल्गुनाच्या आत पाठवा. छपाईचे पैसे जमले तर पुढचा अंक सगळा त्यांचाच काढू. मला पाठवलेलं उशिरा वाचलं गेलं तर रागावू नका, सध्या नाइट शिफ्ट आहे.

जय भीम.